परटिणीचं उत्तर

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आमच्या तालुक्याच्या गावी एक फ्रेंच नाटक मराठीत झालं, असं मी सांगतो तेव्हा ऐकणारा आधी हसतो. त्याचं काही चुकत नाही. गावात तेव्हा वीज नव्हती, वाचनालय नव्हतं, आणि फ्रान्स नेमका कुठं आहे हे सांगू शकणारी माणसं दोनच होती. त्यांतला एक मी, आणि माझीही खात्री नव्हती.

मी अर्जनवीस होतो. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली एक बसकं मेज, दौत, टाक आणि कागद, एवढंच माझं दुकान. मुलूख निजामाचा. कचेरीत काही सांगायचं तर ते उर्दूत लिहून सांगावं लागे. येणारा माणूस आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचा, सरहद्दीकडचा असला तर कानडीत सुरू करून मराठीत संपवायचा, आणि मी ते उर्दूत बसवायचो. अर्जाचा साचा ठरलेला होता. वर हुजुरांच्या पदव्या, खाली त्यांच्या दीर्घायुष्याची दुआ आणि झाल्या-गेल्याची माफी. अर्जदारानं स्वतःला ‘फिदवी’ म्हणायचं, म्हणजे जीव ओवाळून टाकणारा चाकर. या सगळ्याच्या मधोमध दोन ओळींत त्याची हरवलेली म्हैस. वीस वर्षं हे केल्यावर हात आपोआप चालायला लागतो. बायको माहेरी असली की तिला लिहिलेल्या पत्राच्या शेवटीही मी माफी मागून मोकळा व्हायचो. तिला त्याचं फार बरं वाटे.

दोष उर्दूचा नव्हता. घरी मी चांगली उर्दू पुस्तकं वाचत असे, आणि त्यांत ताठ उभी राहिलेली वाक्यं भरपूर होती. ती माझ्या मेजापर्यंत कधी आली नाहीत, एवढंच.

नाटक आणलं ते मराठी शाळेच्या मास्तरांनी. ते तरुणपणी काही वर्षं सोलापुरात होते. तिथल्या जुन्या बाजारात त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं. पहिली चार पानं फाटलेली, त्यामुळं लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. मूळ फ्रेंच आहे एवढं मात्र शेवटच्या पानावरून समजत होतं. सरहद्दीवरच्या नाक्यावर कारकुनानं ते पुस्तक उलटंपालटं केलं आणि हे काय म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, नाटक. त्यानं विचारलं, पदं किती? एकही नाही म्हटल्यावर त्यानं मास्तरांकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि जाऊ दिलं.

नाटकाची गोष्ट लहानशी. फ्रान्समधल्या एका गावाचा मेयर स्वतःचाच पुतळा घडवून घेतो. पुतळा गाडीतून येतो, कापडात गुंडाळलेला. पण चौकात जिथं तो बसवायचा तिथं एका परटिणीची कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते. मेयर एकामागून एक माणूस पाठवतो, दोरी काढायला सांगतो. परटीण काढत नाही. शेवटी मेयर स्वतः येतो, सगळ्या गावासमोर हुकूम करतो, आणि परटीण त्याला उत्तर देते. त्या उत्तरावर नाटक संपतं.

मास्तरांनी त्या एका उत्तरासाठी हे नाटक मराठीत आणलं. ते मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

“मुन्शीजी, आपल्याकडं अर्ज सगळ्यांना करता येतो,” ते म्हणाले. “नाही म्हणता येत नाही. एक बाई चारचौघांत सरळ नाही म्हणते, ते या गावाला आपल्या भाषेत ऐकवायचं आहे. बाकीचं नाटक पडलं तरी चालेल.”

मला त्यांचा उत्साह थोडा जास्त वाटला. मोठ्या हेतूनं सुरू झालेली कामं मी माझ्या मेजावरून पुष्कळ पाहिली होती. पण मास्तर हेतूवर थांबणारे नव्हते. दोन वर्षं ते शाळा सुटल्यावर बसून भाषांतर करत. ‘मेयर’ला काय म्हणायचं यावर एक महिना गेला. पाटील म्हटलं तर पाटील रुसणार, देशमुख म्हटलं तर देशमुख. शेवटी मेयर तसाच ठेवला, कारण त्या हुद्द्याचं आमच्या तालुक्यात रुसायला कुणी नव्हतं.

परटिणीचं शेवटचं उत्तर इंग्रजीत अर्धं पान होतं. मास्तरांनी ते मराठीत अर्धं पानच लिहिलं आणि आमच्या गावच्या परटिणीला वाचून दाखवलं. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली न ठेवता ते ऐकलं.

“एवढं बोलाय बाईला सवड कवा मिळाली?” ती म्हणाली. “कपडे भिजल्यात तिचे.”

मास्तर घरी गेले आणि अर्ध्या पानाचं त्यांनी चार वाक्यांवर आणलं. ती वाक्यं अशी होती: “पुतळा बघायला जे येतील ते धुतलेलेच कपडे घालून येतील ना? ते मी इथंच वाळवते. पुतळा कुठंही उभा राहील. दोरी हलणार नाही.”

परटिणीचं काम द्यायचं कुणाला? बायका रंगमंचावर येण्याचा प्रश्नच नव्हता. सास्तूरकडचा एक लिंगायत व्यापारी आमच्या गावात अडतीचं दुकान चालवत होता, त्यानं ते घेतलं. गावात सगळे त्याला आप्पा म्हणत. अंगानं भरदार, मिशी नामी, घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. मिशी काढावी लागेल म्हटल्यावर तो एक दिवस विचार करून आला आणि म्हणाला, मिशी पुन्हा येती. कपडे पिळायला त्याला परटिणीनंच शिकवलं. मी तेव्हा हजर होतो.

“आप्पा, कोंबडी धरल्यावानी काय धरता?” ती म्हणाली. “मनगाट फिरवा. माप घालताना फिरतंय की लई.”

आप्पानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि मनगट फिरवलं.

मेयर झाले एक निवृत्त गिरदावर. महसूल खात्यात जन्म गेलेला, अंगात शेरवानी, आणि चालताना आपल्या मागं कुणीतरी चालतंय असं धरून चालायची सवय. मेयर हाच नाटकाचा नायक आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती कुणी दुरुस्त केली नाही. त्यामुळं त्यांचं काम फार नैसर्गिक होत होतं.

राहिली परवानगी. चार माणसं जमवून काही म्हणायचं तर तहसिलीची मंजुरी लागे, आणि नाटकाचा सगळा मजकूर उर्दूत लिहून द्यावा लागे. ते काम अर्थातच माझं. म्हणजे फ्रेंच माणसानं लिहिलेलं इंग्रजानं आपल्या भाषेत घेतलं, ते मास्तरांनी मराठीत, आणि आता मी उर्दूत. मास्तरांना उर्दू यायची, पण माझं लपेटून लिहिलेलं अक्षर कचेरीबाहेर कुणालाच वाचता येत नसे. त्यांनी ते न वाचता माझ्यावर विश्वास ठेवला. मी आठ दिवसांत काम उरकून मजकूर दाखल केला.

महिन्याभरानं तहसीलदारांनी आम्हा दोघांना बोलावलं. गृहस्थ वयस्क, मितभाषी. मराठी समजायचं, बोलत नसत. मजकुराच्या पानापानावर मोहर उठवलेली होती. त्यांनी मंजुरी दिली, लढाईमुळं रॉकेल मिळत नाही म्हणून खेळ दिवसाउजेडी करा असं सांगितलं, आणि स्वतः येऊन मंजूर प्रत समोर धरून बसणार असल्याचंही सांगितलं. मग म्हणाले, नाटकाचा शेवट त्यांना विशेष आवडला. बाईनं ज्या अदबीनं माफी मागितली आहे, ती वाचून बरं वाटलं.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मोहरेकडं पाहिलं.

बाहेर लिंबाखाली येऊन मी आमच्याकडच्या दुसऱ्या प्रतीचं शेवटचं पान उघडलं. अक्षर माझंच होतं. परटिणीच्या तोंडी मी लिहिलं होतं: फिदविया हुजुरांच्या हुकमाप्रमाणं दोरी उतरवून घेते, झाल्या कसुराची माफी असावी, आणि हुजुरांचं आयुष्य वाढो. मी हे भीतीनं लिहिलं नव्हतं, मंजुरी मिळावी म्हणूनही नव्हतं. तसं असतं तर निदान काही सांगता आलं असतं. गरीब बाई, समोर अधिकारी, आणि कागदाचा शेवट आला. हातानं नेहमीचं लिहून टाकलं. नंतर मी वाचूनही पाहिलं नव्हतं. अर्जाचा शेवट वाचून कोण पाहतं?

मी ते मास्तरांना मराठीत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “सगळ्यांचं असंच लिहिता?”

मी हो म्हणालो.

संध्याकाळी आप्पाच्या दुकानात बैठक झाली. गिरदावरांना नवा शेवट ऐकून मनापासून आनंद झाला. इतक्या वेळा निरोप पाठवल्यावर बाईनं माफी मागणंच योग्य, आणि त्यामुळं नाटकाला उंची आली असं त्यांनी सांगितलं आणि ते लवकर निघून गेले. मास्तरांचा निश्चय झाला होता की उत्तर मूळचंच बोलायचं, मग काय होईल ते होवो. नोकरी सरकारी, बदली होईल, कदाचित त्याहून वाईट. पण ते त्यांचं त्यांनी पाहायचं होतं. अडचण अशी होती की बोलायचं आप्पानं होतं.

आप्पानं मंजुरीचा कागद मला वाचायला लावला. त्यात एक अट होती: मंजूर मजकुराबाहेर एकही शब्द बोलता कामा नये. आप्पानं ती तीनदा ऐकली. अटी ऐकण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

“शबूद जास्ती बोलायचा न्हाय, असं हाय,” तो म्हणाला. “कमी बोलायचा न्हाय असं हाय का?”

मी पुन्हा वाचलं. तसं नव्हतं.

“मग म्या बोलतच न्हाय. मेयर हुकूम करू दे, म्या कपडे वाळत घालतो. माफी मागाय लावणारं कुणी स्टेजावर येतंय का बघू.”

मास्तरांना हे पसंत नव्हतं, पण दुसरा मार्गही नव्हता. गिरदावरांना यातलं काही सांगायचं नाही एवढं ठरलं.

खेळ आप्पाच्याच दुकानामागच्या आवारात, दुपारी तीनला झाला. कडब्याच्या गंजीपुढं फळ्यांचा मंच, दोन मेढी आणि त्यांना बांधलेली दोरी. पुतळा म्हणून एक उंच कणगी पांढऱ्या चादरीत गुंडाळून बैलगाडीवर उभी केली होती, आणि ती गिरदावरांपेक्षा बरीच देखणी दिसत होती. गाव लोटलं होतं. पदं नाहीत हे कळल्यावर काही जण उठले, पण बाहेर ऊन होतं म्हणून परत बसले. तहसीलदार पुढच्या खुर्चीवर, मांडीवर मंजूर प्रत, ओळीवर बोट. मी त्यांच्या बाजूला, पान उलटायला.

मिशीविना आप्पा कुणाला पटकन ओळखू आला नाही. काम त्यानं चांगलं केलं, कारण नाटक करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. मेयरचा पहिला निरोप, दुसरा, तिसरा. लोक हसू लागले. तहसीलदारांचं बोट ओळीमागून ओळ सरकत होतं. मग गिरदावर शेरवानीत आले आणि त्यांनी हुकूम केला. तो त्यांनी इतका खरा केला की मागचे दोन शेतकरी उभे राहिले.

आता परटिणीची पाळी. तहसीलदारांचं बोट माझ्या माफीवर येऊन थांबलं.

आप्पानं बादलीतून एक धोतर काढलं आणि पिळलं. मेयरकडं पाहिलं. काही बोलला नाही. धोतर दोरीवर टाकायला लागला.

मी आजवर कचेरीत पुष्कळ शांतता पाहिली होती, पण ती घाबरलेल्या माणसांची. ही तसली नव्हती. बोट कागदावर तसंच होतं. गिरदावरांना वाटलं आप्पा विसरला. ते हळूच म्हणाले, बोला. मग मोठ्यानं म्हणाले, “माफी मागा की.”

तहसीलदारांनी मान वर केली, बोट उचललं आणि गिरदावरांकडं रोखलं. हे वाक्य मंजूर मजकुरात नव्हतं. सगळ्या नाटकात अट मोडणारा तो एकच माणूस निघाला. गिरदावर जागच्या जागी गप्प झाले.

त्या गप्पपणात बायकांच्या घोळक्यातून आमच्या गावची परटीण ओरडली, “झटकून घाला आप्पा, चुण्या पडतील.”

आप्पानं धोतर काढलं, झटकलं, पुन्हा घातलं. लोक असे हसले की कणगी हलली. कुणीतरी पडद्याची चादर ओढली.

तहसीलदारांनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि बाई शेवटी का बोलली नाही ते विचारलं. विसरली म्हणून सांगायची मी त्यांना खूण केली. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

“तिला माफी मागायची नव्हती, साहेब.”

तहसीलदार थोडा वेळ त्या दोरीकडं पाहत राहिले. मग प्रत मिटून त्यांनी सांगितलं की अट एकाच पात्रानं मोडली, त्याला समज द्यावी. आणि ते निघून गेले.

गाव खूश होतं. आप्पा खूश होता, मीही होतो. माझी चूक निभावली होती. मास्तर मात्र गंजीला टेकून बसले होते. मी म्हणालो, जमलं की. ते म्हणाले, “गप्प बसायला फ्रेंच नाटक कशाला हवं होतं, मुन्शीजी? ते आपल्याला येतच होतं.”

त्यांना ती चार वाक्यं ऐकवायची होती. ती अजून गावानं ऐकलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते माझ्या मेजासमोर बसले, इतर अर्जदार बसतात तसे मांडी घालून, आणि म्हणाले, पुन्हा लिहू. मी चार वाक्यं उर्दूत लिहायला घेतली. सोपी होती. पण प्रत्येक वाक्याच्या टोकाला हात आपणहून वळायचा. एकदा ‘हुजूर’ आलं, एकदा ‘अर्ज आहे की’ आलं. मास्तर शब्द न् शब्द मोठ्यानं वाचायला लावत आणि मी खोडत असे. सात कागद गेले. आठव्यावर चार वाक्यं उभी राहिली आणि त्यांना कसलाही टेकू नव्हता. सकाळी मास्तर माझ्याबरोबर कचेरीत येतो म्हणाले. मी त्यांना शाळेत जायला सांगितलं. चूक त्यांची नव्हती.

तहसीलदारांनी नवं पान वाचलं आणि म्हणाले, ही तर दुसरीच बाई आहे.

“बाई हीच आहे, साहेब,” मी म्हणालो. “पहिली मी लिहिलेली होती.”

तेव्हा उत्तर का बदललं, ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, सवयीनं. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. माझे किती अर्ज त्यांनी आजवर वाचले असतील याचा ते विचार करत असावेत. मी तरी करत होतो. पान ठेवून जायला त्यांनी सांगितलं. मी दर आठवड्याला जाऊन चौकशी करत राहिलो. लिंबाखालून उठून कचेरीची पायरी वरचेवर चढण्याचं तसं मला कधी कारण पडलं नव्हतं; मी लिहून द्यायचो, चढायचे दुसरे. पायऱ्या नऊ आहेत हे तेव्हा कळलं. कारकून मला आधी बसायला सांगत, पुढं उभं ठेवू लागले. मी उभा राहिलो. दोनदा पान हरवलं, दोनदा मी नवं लिहून नेलं, आणि प्रत्येक वेळी चार वाक्यं तशीच. तिसऱ्या पानावर मोहर उठली.

खेळ पुन्हा ठरला. पण मूळचाच शेवट परत आल्याचं गिरदावरांनी ऐकलं आणि काम सोडलं. स्वतःचा अपमान करून घ्यायला नऊ वार कापडाची शेरवानी शिवली नव्हती, असा निरोप त्यांनी पाठवला. शेरवानी मात्र द्यायला ते तयार झाले. दुसरं कुणी मिळेना, आणि मेयरची वाक्यं दोन भाषांत पाठ असलेला माणूस गावात एकच होता.

म्हणून त्या दुपारी आप्पाच्या आवारात मी मेयर झालो. शेरवानी ढगळ होती. माझा आवाज गिरदावरांसारखा नव्हता, पण हुकूम मी पुरा केला. आप्पानं हातातलं काम न थांबवता माझ्याकडं पाहिलं आणि चारही वाक्यं म्हटली, न अडखळता, बाजारभाव सांगावा तशी. पुतळा बघायला येणारे धुतलेले कपडे घालूनच येणार. ते ती इथंच वाळवते. पुतळा कुठंही उभा राहील. दोरी हलणार नाही.

या वेळी कुणी हसलं नाही. मागं बायकांत कुणीतरी शेवटचं वाक्य शेजारणीला कानडीत सांगितलं, ते मला मंचावर ऐकू आलं. मास्तर मेढीमागं उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

मेयरला त्यानंतर वाक्य नाही. मंचावरून जायची वाट दोरीपलीकडून होती, आणि दोरीवर ओली लुगडी होती. मी ती बाजूला सारली नाही. वाकून खालून गेलो.